कोण काय बघणार, कोण काय बदलणार: ॲक्सेसच्या जुन्या फाइलला युजर-लेव्हल सिक्युरिटी लावताना

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानासाठी मी पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या डेटाबेसला सिक्युरिटी लावली, तेव्हा मालक खूश होते. ॲक्सेस उघडलं की नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट यायची. दिवाणजींचं नाव वेगळं, आवक लिहिणाऱ्या पोराचं वेगळं. चार दिवसांनी तोच पोरगा मला म्हणाला, "दादा, ती फाइल माझ्या घरच्या मशीनवर पासवर्ड न विचारताच उघडती की!"

दिवाळीच्या गर्दीत राहिलेल्या नोंदी भरायला त्यानं ती पेन ड्राइव्हवर घालून घरी नेली होती. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. पण कोणत्या शेतकऱ्यानं हंगामाआधी किती उचल घेतलीय, हे सगळं त्याच्या घरच्या स्क्रीनवर उघडं पडलं होतं. चूक माझी होती. मी कुलूप लावलं होतं ते दुकानातल्या मशीनच्या ॲक्सेसला, फाइलला नव्हे. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो, म्हणून पायऱ्यांच्या आधी थोडं कारण सांगतो.

आधी फाइल कोणती ते बघा

फाइलच्या नावाच्या शेवटी .एमडीबी असेल तरच हा लेख तुमच्या कामाचा. ॲक्सेस २००७ बरोबर .एसीसीडीबी ही नवी फाइल आली आणि तिच्यातून युजर-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे प्रत्येकाचं नाव-पासवर्ड वेगळं आणि परवानग्या वेगळ्या ही व्यवस्था, काढून टाकली गेली. तिथे मेनूत कितीही शोधलं तरी ती सापडायची नाही. २००७ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये जुनी .एमडीबी उघडली तर मात्र ही व्यवस्था अजून चालते. २००७ मध्ये डेटाबेस टूल्स या टॅबवर आणि २०१० पासून फाइल, मग इन्फो, इथे युजर्स अँड परमिशन्स असं बटण दिसतं. ॲक्सेस २००३ मध्ये तेच टूल्स मेनूत, सिक्युरिटीखाली आहे. खालच्या पायऱ्या मी २००३ च्या मेनूप्रमाणे सांगतोय, कारण अशा फाइली बहुतेक त्याच काळातल्या असतात.

नवीन काम सुरू करत असाल तर माझं स्पष्ट मत: या वाटेला जाऊ नका. पण दुकानाचा सगळा हिशेब कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी .एमडीबीत बांधून दिलाय, तो माणूस आता पुण्याला गेलाय आणि मालक म्हणतात "अजून दोन हंगाम काढूया यावरच", अशी स्थिती असेल तर हे शिकून घ्या.

दोन फाइली, दोन कामं

माणसं कोण आहेत, ती कोणत्या गटात आहेत आणि त्यांचे पासवर्ड काय, हे तुमच्या डेटाबेसमध्ये नसतंच. ते वर्कग्रुप इन्फर्मेशन फाइल नावाच्या दुसऱ्याच फाइलमध्ये असतं, तिच्या नावाच्या शेवटी .एमडीडब्ल्यू येतं. ती म्हणजे हजेरीपट. कोणत्या गटानं कोणत्या टेबलाला हात लावायचा, ही परवानगी मात्र डेटाबेसच्या फाइलमध्येच लिहिलेली असते. दोन्ही मिळून सिक्युरिटी.

ॲक्सेस बसवल्यावर सिस्टिम.एमडीडब्ल्यू नावाचा एक तयार हजेरीपट आपोआप मिळतो. त्यात ॲडमिन नावाचा एक युजर आणि ॲडमिन्स व युजर्स असे दोन गट असतात. आतापर्यंत तुम्ही ॲक्सेस उघडत होता तेव्हा नकळत ॲडमिन म्हणूनच आत जात होता. पासवर्ड रिकामा होता, म्हणून कुणी विचारलं नाही.

आता मर्माची गोष्ट. हा ॲडमिन जगातल्या प्रत्येक ॲक्सेसमध्ये एकच आहे. नाव सारखं आहे एवढंच नाही, त्याची आतली ओळखही तीच. युजर्स या गटाचंही तसंच. त्यामुळे तुमच्या टेबलांचा मालक ॲडमिन असेल, तर शिरोलीतल्या कारखान्यातला ॲडमिन आणि तुमच्या पोराच्या घरचा ॲडमिन हेही त्या टेबलांचे मालकच. मी दुकानातल्या ॲडमिनला पासवर्ड दिला होता, घरच्या ॲडमिनला कुठे दिला होता! ॲडमिन्स हा गट तेवढा वेगळा असतो. तो ज्या वर्कग्रुप फाइलमध्ये तयार झाला, तिच्यापुरताच. म्हणून सगळं काम एका वाक्यात सांगायचं तर ॲडमिन आणि युजर्स यांच्या हातातलं सगळं काढून घ्यायचं आणि ते आपण तयार केलेल्या माणसांना द्यायचं.

पायरी १: प्रत काढा

मूळ फाइलची प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. तिच्यावर काही करू नका.

पायरी २: नवा हजेरीपट

टूल्स, सिक्युरिटी, वर्कग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर. तिथे क्रिएट दाबा. नाव, संस्था आणि वर्कग्रुप आयडी असे तीन रकाने येतात. आयडी जास्तीत जास्त २० अक्षरांचा, आणि त्यात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. हे तीन रकाने भरताना आळस करू नका. नाव-संस्था अंदाजानं कुणालाही कळते, आयडी कळता कामा नये. दुकानाचा गाळा नंबर किंवा मालकांच्या गाडीचा नंबर टाकू नका, तो अख्ख्या यार्डाला पाठ असतो.

जे भरलं ते जसंच्या तसं कागदावर लिहा. उद्या ती .एमडीडब्ल्यू फाइल खराब झाली तर हेच तीन रकाने हुबेहूब भरून ती पुन्हा उभी करता येते. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर येत नाही. कागद दुकानातल्या खालच्या खणात ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. वरच्या मजल्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत.

२००७ आणि पुढच्या आवृत्त्यांत हा वर्कग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर मेनूत दिसत नाही. तिथे युजर्स अँड परमिशन्स या बटणाखाली असलेल्या युजर-लेव्हल सिक्युरिटी विझार्डकडून नवी वर्कग्रुप फाइल करून घेणं सोपं पडतं. विझार्डबद्दल पुढे बोलतो.

पायरी ३: खरा मालक तयार करा

ॲक्सेस बंद करून पुन्हा उघडा. सिक्युरिटीखाली युजर अँड ग्रुप अकाउंट्स. न्यू दाबून एक युजर तयार करा. नाव विचारेल आणि पर्सनल आयडी विचारेल, तो ४ ते २० अक्षरांचा. हा पर्सनल आयडी म्हणजे पासवर्ड नव्हे. दहातले आठ जण इथे आयडी टाकतात, मग लॉगिनच्या चौकटीत तोच टाकून बघतात आणि मला फोन करतात. आयडी फक्त त्या माणसाची आतली ओळख घडवायला लागतो. तोही कागदावर उतरवा. नव्या युजरचा पासवर्ड सुरुवातीला रिकामाच असतो.

या युजरला ॲडमिन्स गटात घाला. मग त्याच चौकटीतल्या चेंज लॉगऑन पासवर्ड या टॅबवर ॲडमिनला पासवर्ड द्या. तो दिल्याशिवाय लॉगिनची चौकट येणारच नाही.

ॲक्सेस बंद करा, पुन्हा उघडा, नव्या युजरच्या नावानं आत जा, त्याला स्वतःचा पासवर्ड द्या. जास्तीत जास्त १४ अक्षरं. मग ॲडमिनला ॲडमिन्स गटातून काढून टाका. युजर्स गटातून कुणालाच काढता येत नाही, ती धडपड करू नका.

पायरी ४: मालकी बदला

मी पहिल्यांदा नेमकी हीच पायरी गाळली होती. जुन्या फाइलचा आणि तिच्यातल्या प्रत्येक टेबलाचा मालक अजून ॲडमिनच आहे. मालकाकडून परवानगी काढून घेतली तरी तो स्वतःला ती परत देऊ शकतो. त्यामुळे नव्या युजरच्या नावानं आत असतानाच एक कोरी डेटाबेस फाइल तयार करा आणि जुन्या फाइलमधलं सगळं तिच्यात इम्पोर्ट करा: टेबलं, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट, मॅक्रो, मोड्यूल. इम्पोर्टच्या चौकटीत ऑप्शन्स उघडून रिलेशनशिप्सची आणि मेनू-टूलबारची खूण आहे ना ते बघा. कोडमध्ये बाहेरची लायब्ररी वापरली असेल तर रेफरन्सेस पुन्हा तपासा. आता या फाइलचा आणि आतल्या सगळ्याचा मालक तुमचा नवा युजर.

विझार्डनं ही सगळी कामं एका झटक्यात होतात, आणि त्यात चुका कमी होतात हेही खरं. तो नवी वर्कग्रुप फाइल करतो, मालकी बदलतो, तयार गट पुढे करतो आणि शेवटी एक अहवाल देतो. तो अहवाल छापून वरच्या कागदाबरोबर ठेवा. पण विझार्ड मूळ फाइलची एक प्रतही मागे ठेवतो, नावाच्या शेवटी .बीएके असलेली, आणि तिला कुठलीही सिक्युरिटी नसते. ती सामायिक फोल्डरमध्ये तशीच पडलेली मी दोन ठिकाणी पाहिलीय. पुढच्या दाराला कडी, मागचं दार सताड उघडं.

पायरी ५: काढून घ्या, मग द्या

युजर अँड ग्रुप परमिशन्स उघडा. आधी युजर्स गट निवडा आणि प्रत्येक प्रकारच्या वस्तूवरच्या सगळ्या खुणा काढा. नवीन वस्तू तयार झाली की युजर्स गटाला तिच्यावर आपोआप पूर्ण मोकळीक मिळते, म्हणून यादीतल्या 'नवीन टेबल/क्वेरी' या ओळीवरच्या खुणाही काढा. वस्तूचा प्रकार डेटाबेस निवडून ओपन/रन ही खूणही काढा. मग हेच सगळं ॲडमिन या युजरसाठी. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा.

एक नियम डोक्यात ठेवा. माणसाला स्वतःची आणि त्याच्या गटांची, अशा सगळ्या परवानग्या एकत्र मिळतात, आणि त्यातली सर्वांत सैल जी असेल ती चालते. दिवाणजींच्या गटाला उचलीचं टेबल बदलायला बंदी आहे पण युजर्स गटाला चुकून मोकळीक राहिलीय, तर दिवाणजी ते खुशाल बदलतील. आणि युजर्स गटाला दिलेलं म्हणजे जगातल्या प्रत्येक ॲक्सेसला दिलेलं.

आता गट. माणसागणिक परवानग्या देऊ नका, कामागणिक गट करा आणि माणसं त्यात टाका. आमच्या अडत दुकानात शेवटी असे गट झाले: आवक, पट्टी (म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) आणि तपासणी. मालक ॲडमिन्समध्ये. या कामासाठी जो खास युजर केला, त्याच्या नावानं रोज कुणीच आत जायचं नाही, मालकांनीसुद्धा नाही. त्यांच्यासाठी दुसरं नाव.

टेबलावर सात प्रकारच्या परवानग्या असतात. रचना बघणं, रचना बदलणं, व्यवस्थापन, आणि मग रोजच्या कामाच्या चार: वाचणं, दुरुस्त करणं, नवीन भरणं, पुसणं. आवक गटाचं काम काय? सकाळी गाडी लागली की शेतकऱ्याचं नाव, गुळाचे रवे किती, वजन किती, एवढं लिहायचं. म्हणून आवकेच्या टेबलावर त्यांना वाचणं आणि नवीन भरणं. दुरुस्ती नाही, पुसणं नाही. "चुकलं तर काय करू?" असं त्या पोरानं विचारलं, रास्तच होतं. चुकलं तर दिवाणजींना सांगायचं, ते दुरुस्त करतील. वहीत खाडाखोड करायला जसं दिवाणजींना विचारावं लागायचं तसंच. दराच्या टेबलावर या गटाला काहीच नाही, कारण सौदा झाल्यावर दर घालायचा तो पट्टी करणाऱ्यानंच.

पट्टी गटाला आवकेत दुरुस्ती, दरात भरणं आणि दुरुस्ती, पट्टीच्या टेबलात भरणं. झालेली पट्टी पुसायचा अधिकार मी कुणालाच दिला नाही, मालकांच्या गटाला सोडून. शेतकऱ्याच्या हातात छापील पट्टी गेलीय आणि मशीनमधून ती गायब आहे, यापेक्षा वाईट भांडण यार्डात दुसरं नसतं. तपासणी गट सीएकडून येणाऱ्या मुलासाठी, त्याला सगळीकडे फक्त वाचणं.

भरणं किंवा दुरुस्तीची खूण केली की वाचण्याची खूण आपोआप लागते. मग प्रश्न येतो: आवक लिहिणाऱ्याला शेतकऱ्याचं नाव आणि गाव दिसायला हवं, पण त्याच टेबलातली उचलीची बाकी आणि बँक खातं दिसायला नको. परवानगी अख्ख्या टेबलाची असते, रकान्याची नाही. इथे क्वेरीचा, म्हणजे टेबलातलं हवं तेवढंच काढून दाखवणाऱ्या वस्तूचा, एक गुण उपयोगी पडतो, आणि बऱ्याच जणांना तो ठाऊकच नसतो. नाव, गाव आणि दुकानाच्या वहीतला खाते क्रमांक (बँकेचा नव्हे) एवढेच रकाने घेऊन क्वेरी करा. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये रन परमिशन्स अशी ओळ आहे, तिथे युजर्सऐवजी ओनर्स निवडा. आता ती क्वेरी चालवणारा कुणीही असो, ती चालते मालकाच्या अधिकारानं. आवक गटाकडून शेतकऱ्यांच्या टेबलावरची सगळी परवानगी काढून घ्या आणि फक्त या क्वेरीवर वाचण्याची द्या. फॉर्ममधली नावांची यादी या क्वेरीवरून भरा. क्वेरीत अट घातली तर ठराविक ओळीच दाखवता येतात, म्हणजे चालू हंगामाच्याच. अशी क्वेरी नंतर बदलायची झाली तर मालक युजरच्या नावानंच आत जावं लागतं.

फॉर्म आणि रिपोर्टवर ओपन/रन द्या, रचना बदलण्याची देऊ नका. आणि प्रत्येक गटाला डेटाबेसवर ओपन/रन द्यायला विसरू नका. मी विसरलो होतो, सकाळी साडेसहाला मालकांचा फोन आला: गाड्या लागल्यात, आणि फाइल कुणालाच उघडत नाही.

फाइल दोन तुकड्यांत असेल, म्हणजे टेबलं एका मशीनवर आणि फॉर्म प्रत्येकाच्या मशीनवर, तर हे सगळं दोन्ही फाइलींवर करायचं, वर्कग्रुप फाइल मात्र एकच. कोडबद्दल एक: ॲक्सेस २००० पासून मोड्यूल या व्यवस्थेत येत नाहीत. त्यांना व्हीबीएचा (ॲक्सेसमधल्या कोडच्या भाषेचा) वेगळा पासवर्ड द्या किंवा फाइलची .एमडीई, म्हणजे कोड उघडून बघता न येणारी, प्रत करून तीच वाटा.

पायरी ६: शॉर्टकट

प्रत्येक मशीनवर डेस्कटॉपवर शॉर्टकट करा. त्याच्या टार्गेटमध्ये ओळीनं तीन गोष्टी: ॲक्सेसच्या प्रोग्रामचा पत्ता, डेटाबेसचा पत्ता, आणि त्यानंतर तिरपी रेघ (/) देऊन डब्ल्यू-आर-के-जी-आर-पी ही सहा अक्षरं व पुढे वर्कग्रुप फाइलचा पत्ता. पत्त्यांना अवतरण चिन्हं लावा. पासवर्डही तिथेच लिहिता येतो, पण लिहू नका, उजवं बटण दाबून कुणीही वाचेल. हे झालं की मशीनला पुन्हा तिच्या जुन्या सिस्टिम.एमडीडब्ल्यूला जोडून द्या, म्हणजे बाकीच्या फाइली उघडताना उगाच पासवर्ड विचारला जाणार नाही.

आता पेन ड्राइव्हची परीक्षा

फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, ज्या मशीनवर तुमची वर्कग्रुप फाइल कधीच गेली नाही अशा मशीनवर नेऊन दोनदा क्लिक करा. परवानगी नाही असा निरोप आला तर काम झालं. उघडली तर चौथ्या आणि पाचव्या पायरीकडे परत जा. दुकानातल्या मशीनवर तपासणी करून समाधान मानू नका, मी तेच केलं होतं.

निरोप आला म्हणजे तिजोरी झाली असंही नाही. हे पासवर्ड काढून देणारी साधनं बाजारात आहेत, आणि ॲक्सेसला शेजारी .एलडीबी ही लॉक फाइल करता यावी म्हणून काम करणाऱ्याला त्या फोल्डरमध्ये लिहायची-पुसायची परवानगी द्यावीच लागते. म्हणजे फाइलची प्रत काढण्यापासून तुम्ही त्याला अडवू शकत नाही. कामावरच्या माणसाच्या हातून चूक होऊ नये, नको ते दिसू नये, एवढ्यासाठी ही व्यवस्था चांगली आहे. जिद्दीनं चोरी करणाऱ्यासाठी नाही. बँक खाती, आधार क्रमांक असलं काही असेल तर डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये हलवा, ती आवृत्ती फुकट मिळते, आणि ॲक्सेसचे फॉर्म पुढे तसेच ठेवता येतात. .एसीसीडीबीवाल्यांनाही माझा सल्ला तोच. तिथे फाइलला पासवर्ड देऊन एन्क्रिप्ट करता येतं, पण तो पासवर्ड सगळ्यांना एकच.

माणूस सोडून गेला तर

युजर अँड ग्रुप अकाउंट्समधून त्याचं नाव काढा, हे तर झालंच. कुणी पासवर्ड विसरला तर तिथेच क्लिअर पासवर्ड आहे. पण जाणाऱ्यानं .एमडीडब्ल्यूची जुनी प्रत स्वतःकडे ठेवली असेल, तर त्या प्रतीत तो अजूनही पट्टी गटातच आहे, आणि डेटाबेसमध्ये त्या गटाच्या परवानग्या शाबूत आहेत. जुना हजेरीपट घेऊन तो आत येऊ शकतो. संशय असेल तर नाव काढून भागत नाही. नव्या आयडीनं नवे गट करायचे, परवानग्या त्यांना द्यायच्या, आणि जुन्या गटांकडून सगळं काढून घेऊन मगच ते पुसायचे. दोन-तीन तासांचं काम आहे, रविवारी यार्ड शांत असताना उरकून घ्या.